नांगर

तलावातल्या गवताला मुळं असतात
हे मला कळलं नोकरी लागल्यावर.
त्याआधी अठ्ठावीस वर्षं मी त्यातच पोहत होतो,
पायांना गुंडाळलं की शिव्या देत होतो.

नोकरी म्हणजे बोट चालवायची.
निळी, फायबरची, बारा माणसांची,
ट्रकवर बसून आली; सरपंचानं नारळ फोडला.
लोकांना पाखरं दाखवायची,
फोटोसाठी मधोमध थांबायचं,
आणि थांबायचं म्हणजे नांगर टाकायचा.

चार नख्यांचा, अकरा किलोचा.
टाकताना बरं वाटायचं. डुबुक्.
ओढताना मात्र तो रिकामा कधी आला नाही:
चिल्याच्या हातभर फिती, मुळांसकट,
त्यांना चिकटलेली अंडी,
एखादं शिंगूरचं पिल्लू, तोंड उघडझाप करत.
मी झटकून टाकायचो
चपलेचं शेण झटकावं तसं.

सेवंता वलथरे, आमच्या मच्छी सोसायटीची,
पाळीवर बसून बघायची.
पाच दिवस काही बोलली नाही.
सहाव्या दिवशी जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाली,
"तुया बापाच्या वावरात नांगर चालते
तं मांगून पेरा होते.
तुया ह्या नांगरामांगं
कोन पेरते रे, दुधराम?"

मला हसू आलं. मग नाही आलं.

कारण पेरलं होतं तिनंच.
सात वर्षांपूर्वी, वैशाखात,
पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा
एकोणीस बायका बेशरम उपटत होत्या,
चीक लागून मनगटं सुजलेली.
मग खालच्या गावच्या बोडीतून
टोपल्यांत ओला चिला आणला
आणि चिखलात रोवला, ओळीनं,
हाताला धानाच्या रोवणीची सवय होती.
गाव म्हणालं, आज पाण्यात गवत लावतात,
उद्या आभाळात वांगी लावतील.
तिसऱ्या वर्षी मरळ परतली.
चौथ्या वर्षी जांभळी पाणकोंबडी.
ज्या पाखरांसाठी ही बोट आली
ती पाखरं त्या गवतासाठी आली होती.
हे तिकिटावर छापलेलं नाही.

माघात पाणी नितळलं.
इंजिन बंद करून मी काठावरून वाकलो.
हिरव्यात पांढुरके चर,
लांब, आडवे, एकमेकांना कापत गेलेले.
कुठं थांबलो, किती फरफटलो,
वारा त्या दिवशी कोणीकडून होता,
सगळं तळाला लिहिलेलं,
आणि अक्षर माझं होतं.

ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणाला,
गवतच आहे, येईल परत.
येतं ना.
पण नांगर रोज पडतो.

सेवंताला विचारलं, मंग थांबू कसा?
"बैल कसा थांबते? दाव्यानं.
खुंटा गाड न बापा."

म्हणून तीन खुंटे.
येनाच्या लाकडाचे,
जिथं तसंही काही उगवत नाही
तिथल्या मुरमात ठोकलेले.
खुंट्याला दोर, दोराला तेलाचा रिकामा पिवळा डबा.
आता मी डब्यापाशी जातो, दोर अडकवतो,
बोट जरा हिसके देते, मग रवंथ करत उभी राहते.

पण सांगून टाकतो.
परवा एकाएकी वारा सुटला,
बोटीत शाळेची लेकरं, अंधारून आलेलं,
डबा काही दिसेना.
मी नांगर टाकला.
लेकरं सुखरूप उतरली, एकाची तेवढी चप्पल गेली.
नांगर ओढला तर नखीला
हिरवा पुंजका, ठिबकत.

या वेळी झटकला नाही.
टोपीत ठेवला, वर पाणी मारत राहिलो,
आणि सांजेला छातीभर पाण्यात उतरून
अंगठ्यानं चिखल उकरला,
श्वास धरून खाली गेलो, रोवला.

धरेल की नाही, माहीत नाही.
वर आलो तेव्हा नाकातोंडात पाणी,
आणि पाळीवरून सेवंता म्हणत होती,
"ओळ वाकडी गेली तुयी."