मोड

सज्जाच्या पुढे, जिथे शारजा संपून नुसती धूळ उरते,
तिथल्या शेडमध्ये आमचा पट्टा रात्रभर चालतो.
बाहेर अकरा वाजताही एकोणचाळीस डिग्री.
प्रिंटर येतात, राऊटर येतात,
केटल येतात, तळाला कोणाच्या तरी चहाच्या पाण्याचा क्षार,
रिमोट, ज्यांच्यावरचं प्लास्टिक अजून कोणी सोललेलं नाही.
परवा एक मिक्सर आला.
भांड्याच्या कडेला हळद अशी मुरलेली
की माझा हात थांबला.
मागून गुलजरीन ओरडला. पट्टा थांबत नाही.

मी महाडच्या तांबट आळीतला.
तांबं ओळखायला मला मीटर लागत नाही.
वडील हंड्यावर टिचकी मारून सांगायचे
कुठे पातळ झालाय, किती पावसाळे निघतील.
गिऱ्हाईक जुनी घागर तराजूत ठेवायचं,
की ते म्हणायचे, मोड एवढी होते, वरचे इतके द्या.
आणि मग, काटा स्थिर व्हायच्या आत,
"डाग देऊन बघू का? अजून चालेल ही."
असा कुठे धंदा होतो, आई म्हणायची.
नाहीच झाला. म्हणून मी इथे.

माझ्याकडे बॅटऱ्या.
घरी भाकरी फुगली की तव्याभोवती सगळे सरकून बसायचो.
इथे फुगलेली दिसली की श्वास धरायचा,
दोन बोटांनी उचलायची,
वाळूच्या बादलीत ठेवायची, टाकायची नाही.
एक टेकबहादुरच्या हातात फुटली.
अंगठ्याचा ठसा गेला त्याचा.
आता त्याचा फोन त्याला ओळखत नाही.

पुष्करचा मेसेज आला:
पप्पा, क्लासमध्ये सगळ्यांकडे तीन डोळ्यांचा आहे.
तीन डोळ्यांचे सोमवारी एकशे बारा आले होते.
मी मोजत नाही, वजनकाट्यावरचा शाजीमोन मोजतो.
काहींना ओरखडाही नव्हता.
एकाच्या काचेवर कोणाचा तरी गाल होता,
घाम आणि पावडर, अर्धवर्तुळ.
तो मी बाहीने पुसला. का, माहीत नाही.

मी लिहिलं, तुझ्या फोनला झालंय काय?
"स्लो आहे."
मी लिहिलं, मीही.
त्याने हसणारं तोंड पाठवलं.
मी हसवायला लिहिलं नव्हतं.
मग लिहिलं, एसटी स्टँडसमोर एक मुलगा बॅटरी बदलतो,
सातशे घेईल, आधी त्याच्याकडे जा, मग आपण बोलू.
दोन दिवस झाले. निळ्या खुणा आल्यात.
उत्तर नाही.

मीही काही साधू नाही.
कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत
चार मेलेले फोन आहेत, चार्जरांचा गुंता आहे,
एक ट्रान्झिस्टर, जो मी "कधीतरी" दुरुस्त करणार आहे.
रोज लोकांचं उपसतो,
आणि माझी पेटी पट्ट्यावर यायला
आठ वर्षं लागतायत.
काल उघडली. ट्रान्झिस्टर नौशादच्या दुकानात दिला, रोल्याला.
पट्टा तुटलाय फक्त, तो म्हणाला, बारा दिरहम.
पंधरा दिले. त्याच्याकडे सुट्टे नव्हते, तीन च्युइंगम दिली.
वडील सुट्ट्यांनाही मोडच म्हणायचे.

पहाटे खोलीवर आलो तर
ओल्या फडक्यात बांधलेली मटकी
गाठ सैल करून बाहेर बघत होती.
कांदा चिरला, मीठ, लिंबू.
टेकबहादुर कॉटवर येऊन बसला, पट्टी बांधलेला अंगठा वर धरून.
हे काय, त्याने विचारलं.
मोड, मी म्हटलं.

त्याने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
हा शब्द तो माझ्याकडूनच शिकलाय,
पट्ट्यावर, पहिल्याच आठवड्यात:
मोड, म्हणजे भंगार.

मग एक दाणा उचलून त्याने शेपूट निरखली.
टुसा, तो म्हणाला, आणि खाल्ला.

त्याच्या भाषेत त्या शब्दाचा
भंगाराशी काही संबंध नाही.
माझ्या भाषेत आहे.