फुटला, सुटला

कोर्टाच्या आवारात माझं टेबल आहे,
झेरॉक्सवाल्या किणेकरांना लागून.
कानडीचं मराठी, मराठीचं कानडी,
इंग्रजीचं दोन्ही. पानाला साठ रुपये.
मृत्यूच्या दाखल्याचे मी घेत नाही,
पण ते बोर्डावर लिहिलेलं नाही.

नर्मदा सांबरेकर मुतग्याहून आली.
कापडदुकानाच्या पिशवीत कागद,
आणि गोणपाटात गुंडाळलेली रबराची पट्टी,
दोन हात लांब,
मेलेल्या घोरपडीसारखी.
ती तिनं टेबलावर ठेवली. किणेकर बघत राहिले.

पंचनामा कानडीत.
सुतगट्टी घाटाचा उतार, सकाळचे अकरा,
पांढरी सात सीटची गाडी, चालक लुमाण्णा,
मागं दोन पोती संकेश्वरी मिरची.
वाचवायला धावलेले लोक शिंकत होते.
पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं
त्याचं कारण मिरची, हेही नोंदलं आहे.
पुढं लिहिलं आहे : टायर ओडेदु.
मी टाइप केलं : टायर फुटून.

पालवी फुटते, घाम फुटतो,
पेपर फुटतो दरवर्षी.
फोडणारा कोण, हे त्या वाक्यात
मावत नाही. तशी सोय आहे आपल्या भाषेत.
कानडीतही आहे.

“फुटला न्हवं म्हणतोय दस्तगीर,” नर्मदा म्हणाली.
दस्तगीर नदाफ, यमकनमर्डीला पंक्चर काढतो,
पट्टी त्यानंच गटारीतनं उचलून ठेवली.
“फुटला तर चिंध्या हुत्यात की ओ बाई.
ह्यो सुटला.
वरचं कातडं आतल्या तारंवरनं सोलून आलं
आणि हवा तशीच आत.
त्येवढं फुटला खोडा, सुटला घाला.”

कंपनीचं पत्र इंग्रजीत, जाड कागदावर.
हवेचा दाब राखला न गेल्याने.
अतिभार झाल्याने.
चालकाची चूक नाकारता येत नसल्याने.
अतिभार म्हणजे मिरची.
मी वजन विचारलं नाही, ते माझं काम नव्हे.
मी शिक्का मारते : मुळाबरहुकूम.

सुटला घातलं असतं तरी काय.
गाडी सुटते, शाळा सुटते,
आणि लुमाण्णालाही दिवसकार्याला आलेले म्हणालेच असतील,
सुटला बिचारा.
कर्ता तिथंही नाही.
हे मी नर्मदेला सांगितलं नाही.

मग तिनं पिशवीतून फोटो काढला,
दस्तगीरच्या मोबाईलवरचा, छापून आणलेला.
टायरची कड, चिखल पुसलेला,
एका लांबट चौकटीत चार आकडे :
2316.
तेविसावा आठवडा, सोळा साल.
गाडी शोरूममधून निघाली एकवीस साली.
मागची स्टेपनी, कधी जमिनीला न लागलेली,
त्या दिवशी पहिल्यांदा चढवली,
संकेश्वरात, पोती भरता भरता.
“नवा करकरीत दिसत हुता म्हणून सांगितलं त्येंनी फोनवर.
अजून क्यासं हायत म्हणाले टायरला.”

त्या चार आकड्यांचा अनुवाद करावा लागत नाही.
मी ते तसेच उतरवले,
पानाच्या तळाला, जिथं काही लिहायचं नसतं.
पैसे घेतले नाहीत. तिनं तरी वीस ठेवले.

संध्याकाळी आवारातल्या गाड्यांमधून जाताना
मी वाकले.
मग गुडघ्यावर बसले, धुळीत, साडीसकट.
एकोणीस. बावीस. अठरा.
वकील हंगिरगेकरांच्या नव्या गाडीची स्टेपनी
मागच्या दारावर टांगलेली, बोर्डासारखी.
तिच्या चौकटीवरची माती मी बोटानं काढली.

“काय हरवलंय काय बाई?”
मागून त्यांचा आवाज. हातात किल्ली,
बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी.

रबराचे बारीक केस
माझ्या बोटाला टोचत होते,
कोवळे, न झिजलेले.
“हे वाचा,” मी म्हणाले,
“चष्मा घालून वाचा.”