चौऱ्याण्णव सेंटिमीटर

पीडीएफ आलं तेव्हा दुपारचे तीन,
बाहेर पंचेचाळीस, कूलरची टाकी तळाला.
त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या हॉलमध्ये
मृण्मयीचं लायडनमधलं स्वयंपाकघर उलगडलं:
वरून, समोरून, डावीकडून.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं हेच केलं मी,
न पाहिलेल्या नद्यांना कागदावर बांध घातले.
म्हणून आधी स्केल पाहिली, मग उत्तर दिशा.
उत्तर कुठे दिलेलंच नव्हतं.

"ओटा किती उंच?" कुमुदनं विचारलं,
हात कणकेत.
चौऱ्याण्णव सेंटिमीटर.
"इंचात सांगा नं."
सदतीस. वर केसभर.
"बाप्पा! अन् आपला?"

टेप काढली. आपला एकतीस.
अठ्ठ्याऐंशी साली इसराम मिस्त्रीनं तिला
भिंतीपाशी उभं केलं होतं, हात दुमडून,
आणि कोपराखाली चार बोटं सोडून
विटेच्या तुकड्यानं रेघ मारली होती.
कागद नाही, स्केल नाही.
मी तेव्हा कचेरीत होतो,
धरणाच्या सांडव्याचा उतार काढत.

आता तिनं खडू घेतला,
सदतीस इंचांवर टाइलवर रेघ ओढली,
गंज पालथा घालून त्यावर पोळपाट ठेवला
आणि लाटून पाहिलं.
हँगरवरच्या शर्टासारखे खांदे वर.
पोळी एका बाजूनं जाड.
"पोरगी माझ्याच उंचीची आहे," ती म्हणाली,
"त्यांनी कोणाचं कोपर मोजलं?"

येरूनचं. सहा फूट चार.
तो करतो स्वयंपाक.
"रोज?"
रोज.
कूलरचा पंप कोरडाच घरघरत होता,
मी उठून बंद केला, येऊन बसलो,
तोवर तिची पोळी तव्यावर फुगली होती.
"मग बरोबर आहे," ती म्हणाली.
थोड्या वेळानं, पुन्हा:
"बरोबरच आहे."

फिटरचे पैसे तासावर, म्हणून दोघांनीच बसवलं.
तीन शनिवार. फोन फ्रीजला टेकवून
मला तिथं उभं केलेलं, पालथ्या नजरेनं
मी कपाटांचे तळ पाहत होतो.
एक दार लटकं. बिजागरीचा एक स्क्रू कमी,
सापडला तो बुटात.
पातळी बघा, मी म्हणालो, पाणसळ लावा.
येरूननं शब्द तोंडात घोळवला: पान-साल.
पिवळ्या काचेच्या नळीत बुडबुडा सरकला,
थांबला, पुन्हा सरकला.
इथे मी श्वास धरला.
आयुष्यात एवढ्या लांबून
काही सरळ केलं नव्हतं मी.

दुर्गा लादी पुसायला येते. ओट्यावरची रेघ
तिनं दोनदा पुसली, कुमुदनं दोनदा ओढली.
"हे काय होय, काकू?"
"हे नेदरलँड होय."
त्यानंतर ती फडकं
रेघेला वळसा घालून फिरवते.

पाट पाठवायचा ठरला. शिसवी, पितळी फुल्यांचा,
ज्यावर बसून जेवायचे, त्यावर आता उभं राहायला.
कुरियरवाल्यानं सीताबर्डीत वजन केलं,
आकडा सांगितला. आम्ही पाट घरी आणला.

मग त्या रात्री साडेअकराला फोन.
तिकडे आठ, खिडकीत लख्ख ऊन.
"बघा, पहिली फोडणी!"
मोहरी तडतडली, आवाज थोडा उशिरा पोचला,
आणि छतातली कुठलीशी चकती किंचाळू लागली,
धूर धूर म्हणून, अखंड,
खालच्या गल्लीतला कुत्राही उत्तर द्यायला लागला.
येरून हात उंचावून नुसता तिथं पोचला,
स्टुलाशिवाय, बटण दाबलं.
शांतता. कढईवर मृण्मयी, खांदे वर.

कुमुद पडद्याकडे पाहतच नव्हती.
नाक किंचित उचलून म्हणाली,
"मिरची जळाली. सांग तिला,
आच कमी कर."