नववं भोक

पंप बंद होऊन एकवीस वर्षं झाली.
व्हर्ना कोवालचुक अजून त्याला ओरेस्टचाच पंप म्हणते,
नवरा जाऊनही सात झाली, तरी.

सस्कॅचेवानच्या सपाटीवर ड्रिलचा आवाज
लांबच्या धान्यकोठारापर्यंत जातो, परत येत नाही.
आठ भोकं कोरी निघाली. करडी चिकणमाती,
निर्दोष.

नववं तिच्या कुंपणाला लागून.
चार मीटरवर माती हिरवट झाली.
मोरिसनं ती नाकाशी नेली नाही,
नियमच आहे तसा.
वास आपणहून चालत आला.

मीटरचा आकडा चढत राहिला.
त्यानं वहीत मांडलं: खोली, रंग, वेळ.
"पाण्याचा उतार कुणीकडे?" तिनं विचारलं.
त्यानं नुसतं बोट दाखवलं,
तिच्या विहिरीकडे.

ती थोडी हसली.
"हिशेबात दिसायचं त्याला.
दर महिन्याला चाळीसेक लिटर कमी.
मला वाटायचं, कुणाला तरी गुपचूप उधार देतोय."

मग आत जाऊन
तिनं शेगडीवरची किटली उतरवली
आणि ते पाणी अंगणात नाही,
मोरीत नाही,
कुठं ओतावं ते न सुचून
तशीच उभी राहिली,
हाताला चटका बसेपर्यंत.