मिठाच्या पाण्यावर

सकाळी दहाला खिडकी उघडते.
शेवेच्या रिकाम्या पाकिटात, काडेपेटीत,
एकदा तर दंतमंजनाच्या डबीत
लेंड्या येतात माझ्याकडे,
कंपेलहून, तिल्लोरहून, दूधवाल्याच्या मोटरसायकलला टांगून.
मी लिहून घेते : शेळी, वय तीन, दूध आटलं,
कळप तेहेतीस, मालक छोगालाल गारी.

तीन ग्रॅम मोजायचं.
मीठ विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलेल्या पाण्यात कालवायचं,
चहाच्या गाळणीतून गाळायचं
(ही गाळणी घरची नाही, हे आईला दर वर्षी नव्यानं सांगते)
आणि पाच मिनिटं थांबायचं.
ही पाच मिनिटं मला आवडतात.
चोथा खाली बसतो,
अंडी आपली आपण वर येतात.
बाहेर इंदूर झाडून पुसून लख्ख,
कचऱ्याच्या गाडीला किती तरी कप्पे,
लेंड्या कुठल्या कप्प्यात, ते गाडीवाल्यालाही सांगता येत नाही.
काचेवरच्या रेघांत मी मोजते,
पन्नासानं गुणते.
लोक विचारतात, यानंतर पोहे घशाखाली कसे उतरतात?
उतरतात. जिरावण जरा जास्त लागतं.

छोगालालच्या बिंदलीपुढे दोन हजार चारशे.
औषधानंतर चौदाव्या दिवशी
दोन हजार एकशे.
जबड्याखालची पाण्याची पिशवी तशीच लोंबती.
किती पाजलंत?
एक बाटली, तेहेतीस तोंडं.
पाहुणे वाढले की वरणात पाणी, तसला हिशेब.
तेवढ्यानं जंत मरत नाहीत,
शिकतात.

चांदोरकर डॉक्टरांनी त्याला अंगणात उकिडवं बसवलं,
शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून
आतला रंग दाखवला.
डाळिंबी असेल तर औषध नको.
गुलाबी, तर नजर ठेव.
पांढरी दिसेल तिलाच दे, पण वजन करून, पूर्ण माप.
आणि बाकीच्यांच्या पोटातले?
राहू द्यायचे थोडे. औषध न चाखलेले.
ते या शिकलेल्यांत मिसळतील,
औषधाची धार टिकेल.
छोगालाल बराच वेळ गप्प.
जंतांना राखण ठेवायची, म्हणाला, हे पहिल्यांदाच ऐकलं.
मग शेळीच्या कानाशी, हळू :
मोहोळ काढतानाही थोडं पोळं सोडतोच की.
मी आतून ऐकत होते.
रजिस्टरात यासाठी रकाना नाही.

महिन्यानं आला तेव्हा त्याच्या अंगठ्याला सवय झालेली.
बत्तीसांत नऊ पांढऱ्या, नवांनाच पाजलं.
मी बत्तीस लिहिलं, आणि थांबले.
हो, म्हणाला, बिंदली गेली.
पाकीट खिडकीत ठेवलं,
आणि माझ्याकडे बघत राहिला.
मॅडम, तमारी आँख बी धोळी हे.
धोळी म्हणजे पांढरी.
दया नव्हती, चेष्टाही नव्हती,
कळपाकडे बघतात तसं बघत होता.
मी म्हटलं, ट्यूबलाइटमुळे.

रात्री बेसिनच्या आरशात पापणी ओढली.
जिना चढताना लागणारी धाप
मी वयाच्या खाती टाकली होती,
आईनं उपासांच्या.
अकरा वर्षं इतरांची अंडी पन्नासानं गुणत आले,
आणि हा खालचा, रोजचा, माझाच
चुन्यासारखा किनारा.

आज माणसांच्या दवाखान्यात रांगेत आहे.
डबी रुमालात गुंडाळलेली,
काडेपेटीत आणणाऱ्यांना ही लाज कधी वाटली नव्हती.
खिडकीतल्या मुलानं विचारलं, नाव?
सांगितलं, आणि सवयीनं पुढंही सांगत गेले :
वय बेचाळीस, कळपात दोघी…
त्यानं मान वर केली.
काही नाही, म्हटलं, एवढंच.
उद्या सहानंतर या.

बाकावर बसले आहे उगाच.
आत कुणी तरी आता
पाच मिनिटं थांबलं असेल.