बिल्ला

डॉक्टर नवा होता. कुडाळचा.
आरेतला आमचा चढ चढून धापा टाकत आला,
खांद्याला बर्फाची पेटी, हातात भोक पाडायचा चिमटा
आणि पिशवीत पिवळे बिल्ले, शंभर तरी,
चालताना खुळखुळणारे.

मावशी, शेळ्या किती?
आहेत.
आहेत म्हणजे किती?
आहेत म्हणजे आहेत. संध्याकाळी येतील, बघ.

त्याला ते लिहिता येईना.
मोबाइलच्या त्या चौकोनात
फक्त आकडाच मावत होता.

मी मोजत नाही त्यांना.
उंबराखाली उभी राहते, एकेक आत येते:
टिकली, बंडी, बोडकी, बंडीची थोरली,
ती आडमुठी, जिला अजून नाव सापडलेलं नाही.
जी येत नाही तिची जागा दुखते.
तेवढ्या हिशेबावर माझ्या सासूचा जन्म गेला.

तबेल्यातल्या म्हशींचं वेगळं.
त्यांचा शेठ वेगळा, लायसन वेगळं,
त्या आकड्यासकटच गाडीतून उतरतात.

डॉक्टर वाईट नव्हता.
तांब्या उंच धरून पाणी प्यायला,
म्हणाला, यंदा रोग जोरात आहे, लस घ्या.
लस मला हवीच होती.
मागल्या शिमग्याला तीन करडं गेली,
तोंडात फोड, डोळ्यांत चिपडं,
तिसरं पदरात घेऊन बसले होते, तसंच गार झालं.
म्हटलं, सुई टोच. हवी तर दोनदा टोच.
आकडा नको.

बिल्ल्याशिवाय सुई नाही, मावशी. वरून आलंय.

वरून.
आमच्या वर मोरांची टेकडी आहे
आणि तिच्या डोक्यावरून डोकावणाऱ्या काचेच्या बिल्डिंगा.

मी त्याला दाराची चौकट दाखवली.
तांबड्या रंगातला आकडा, अर्धा मीच खरवडलेला.
तोही असाच एक पोरगा घालून गेला.
त्यालाही पाणी दिलं होतं.
नोंद असलेली बरी, मावशी, म्हणाला होता.
खालच्या पाड्यात सगळ्यांची नोंद होती.
मशीन आलं ते यादी धरून आलं,
एक घर चुकलं नाही.

डॉक्टर म्हणाला, मी फक्त जनावरांचा आहे.
म्हटलं, तोही फक्त घरांचा होता.

शेजारच्या लाडक्या वरठ्यानं मात्र घातले पाचही जणींना.
बिल्ला असला की विमा, असं ऐकून.
दिवाळीच्या पुढेमागे वाघोबानं एक नेली.
वाघोबाला वाचता येत नाही.
महिन्यानं तळ्याच्या वाटेवर वाळकी लीद सापडली,
तिच्यात केस, खुराचं टवकं,
आणि पिवळा बिल्ला, बाराच्या बारा आकडे शाबूत.
तो घेऊन लाडक्या ऑफिसात गेला.
त्यांनी विचारलं, कान कुठाय?
बिल्ला कानात लागतो. कानासकट आणा.
आता तो बिल्ला त्याच्या खुंटीला आहे
आणि दर काही दिवसांनी फोनवर निरोप येतो,
तुमच्या शेळीची लस बाकी आहे.

एका रविवारी डॉक्टर परत आला.
चिमटा नाही, पिशवी नाही, नुसती पेटी.
इकडे तिकडे बघत म्हणाला,
बाटलीच्या तळाशी चौघींपुरती लस उरलीय,
सांडली म्हणून लिहीन.
बर्फ वितळतोय, लवकर सांगा कुठल्या.

मी गोठ्याच्या दारात उभी राहिले.
टिकली म्हातारी. बंडी गाभण.
थोरली दूध देते. बोडकी माझ्या मागं मागं फिरते.
आडमुठी दावं चघळत बघत होती माझ्याकडं.

आणि मी, जिनं कधी बोटं मोडून पाहिली नाहीत,
एक म्हटलं. मग दोन.