मोजलेलं पाणी

घणसोलीत पाणी पावणेपाचला येतं.
शमुवेल त्याआधी जागा होतो.
सव्वीस वर्षं चावी फिरवलेलं शरीर
अजून ड्युटीवर जातं.
सेक्टर तीन, सेक्टर चार, मग गावठाण,
कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे, सगळं तोंडपाठ,
लहानपणी रविवारच्या शाळेत
बारा शिष्यांची नावं होती तसं.

ठेकेदाराकडे होता, म्हणून पेन्शन नाही.
मूत्रपिंडांनी नोटीसही दिली नाही.

आता डॉक्टरांनी लिहून दिलंय,
दिवसाला आठशे मिलिलिटर.
त्यात चहा आला, वरण आलं,
गोळ्यांचा घोट आला,
प्रभुभोजनाचा अंगठ्याएवढा पेलासुद्धा.
तो मी धरत नाही.
तो धरतो.

मी ड्रम भरते, कळशी भरते,
मोरीतल्या तिन्ही बादल्या.
घरभर पाणी, आणि हा खाटेवर बसून
ट्रेमधला बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवतो.
चावत नाही.
बारा खडे, रात्रीपर्यंत पुरवायचे.
दोनच उरले की माझ्याकडे बघायचं टाळतो.

मंगळवार, गुरुवार, शनिवार: वाशी.
चार तास रक्त बाहेर जातं,
धुऊन परत येतं.
मी काचेबाहेरच्या बाकावर.
रक्तानं शुद्ध होण्याबद्दल
किती वर्षं गात आले मी, टाळ्या वाजवून.
नळी कधी पाहिली नव्हती.

खरं सांगते, दोन महिने मी प्रार्थना केली नाही.
ओठ हलवले.
भगिनी मंडळात आमेन म्हटलं, जरा जास्तच मोठ्यानं.
ओहोळबाई म्हणाल्या, "तो सोसेल तेवढंच देतो गं."
मी म्हटलं, "मोजतो कशानं?
कुठलं भांडं आहे त्याच्याकडे?"
त्या गप्प झाल्या.
मग उठून
माझ्या मोरीतली भांडी घासायला बसल्या.

उत्तम शुक्रवारी तीन तासांची उपासना.
बाहेर ऊन, आत पंख्यांची घरघर.
वधस्तंभावरच्या तहानेपाशी येऊन
पाळकसाहेब थांबले,
आणि त्या शांततेत आमच्या बाकावर
थर्मासचं झाकण करकरलं.
शमुवेलनं खडा तोंडात टाकला,
माझ्या कानाशी आला:
"त्याला आंब दिली लोकांनी.
मला बर्फ आहे."

मला हसू फुटलं. उत्तम शुक्रवारी, पांढऱ्या साडीत.
पदर तोंडात कोंबला,
तरी खांदे हलत राहिले,
आणि मग ते हसणंच होतं की काय, मलाही कळेना.
पुढच्या बाकावरचं कुणी मागे वळलं नाही.
देव त्यांचं भलं करो.
त्या रात्री दोन महिन्यांनी मी बापाशी बोलले.
भांडलेच म्हणा.
पण त्याच्याच दारात उभी राहून भांडले,
दुसऱ्या कुणाच्या नाही.

सोमवारी फोन आला.
दिराचं मूत्रपिंड जुळत नाही.
शमुवेल म्हणाला, "त्याला सांग, वाईट वाटून घेऊ नको,"
आणि भिंतीकडे तोंड करून निजला.
मी दिवा घालवला नाही.

काल कुठेतरी लाइन फुटली होती.
आज पावणेपाचला तोटी उघडली तर
नळ खाकरला, थरथरला,
फुस्स करून गंजाचा एक थेंब थुंकला.
मी बंद करायला हात घातला.

"राहू दे," खाटेवरून आवाज आला.
"आधी हवाच येते.
याच हवेपायी सव्वीस वर्षं शिव्या खाल्ल्यात मी.
लोकांना वाटतं, पाइप रिकामा आहे.
अगं, मागून पाणी रेटतंय,
म्हणून तर ती निघते."

"तुला कसं ठाऊक, येतंय म्हणून?"

"मी नसतो का उघडत?
आता दुसरा कुणी उघडत असेल."

बादली नळाखाली धरून मी उभी आहे.
नळ नुसता फुसफुसतोय.
ट्रेमध्ये अजून
बाराच्या बारा खडे.